पलतडीला राहिलेले

मांद्रे, ८ जानेवारी २०२४

प्रज्योत,

प्रिय वगैरे लिहीत नाही. खोटं लिहिण्याचं खातं आपल्या घरात तुझ्याकडे आहे, त्यात मी कशाला हात घालू?

कागदावर लिहितेय, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर तुझ्या दोन निळ्या रेघा दिसतात, उत्तर येत नाही आणि माझं डोकं फिरतं. कागद तू वाचलास की केराच्या डब्यात टाकलास, हे मला कळणार नाही. तेवढीच माझी झोप वाचेल.

कळवायला कारण झालं आहे. परवाच्या जत्रेत बाबांनी तुझ्या हुंवऱ्यांना गाऱ्हाण्यात घातलं.

तू हळर्णातच वाढलास, तुला गाऱ्हाणं काय ते सांगायला नको. पण तू विसरण्यात पटाईत आहेस म्हणून सांगते. पालखी बाहेर पडण्याआधी बाबा देवासमोर उभे राहतात आणि सगळ्या गावाच्या वतीने बोलतात. गावात आहेत त्यांना सुखी ठेव, पोटापाण्यासाठी परमुलखात गेलेत त्यांना सांभाळ, वारले त्यांना जागा दे. त्यांच्या प्रत्येक वाक्याला गाव म्हणतो, "व्हय म्हाराजा!" तुझ्या नावाचा नारळ यंदाही परमुलखातल्यांच्या नारळांत ठेवला होता. दरवर्षी बाबा स्वतः निवडतात, शेंडी चाचपून.

तर परमुलखातल्यांचं झालं आणि बाबा थांबले. मला वाटलं, खोकला आला. मग म्हणाले, "आनी म्हाराजा, राजाच्या सबदार इस्वास ठेवन जी हुंवरी माणसां नदी उतरान पलतडी गेली, बायलो-भुरगीं, म्हातारी-कोतारी, तेंका अजून कोणी परतीची हाक मारूक नाय. ती खंय हत तां आमकां ठावक नाय. तुका ठावक आसा. तेंका संबाळ, आनी तेंचो थांगपत्तो आमकां लागूं दी रे म्हाराजा!"

आणि गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा!" सगळा गाव. मीसुद्धा. सवयीने तोंडातून गेलं.

नंतर मंडपात लोक विचारायला लागले, ही कुठली माणसं? कोणाला वाटलं, धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली ते असतील. विठ्ठलकाकांना वाटलं, खाणी बंद पडल्यावर सुर्ल्याहून उठून गेलेले ट्रकवाले असतील, कारण त्यांचा मेहुणा त्यांतला. ज्याचं जे हरवलं होतं ते त्याने तिथे बसवून घेतलं. शेवटी वाचनालयातली संजना म्हणाली, "अहो, ही तर आमच्या प्रज्योतच्या कादंबरीतली माणसं!"

त्यानंतर मंडपात जे हसू झालं ते मी तुला लिहीत नाही. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "कादंबरीतली जाली म्हणान काय जालां? रवलीत ती पलतडीच मा?"

बाबांची तब्येत बरी आहे. आई बरी आहे. एवढंच.

गौरवी


मांद्रे, १९ फेब्रुवारी २०२४

प्रज्योत,

तुझं उत्तर आलं. पत्राला नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपवर. एका ओळीचं. "त्यांचं काय झालं हे वाचकाने ठरवायचं असतं, ताई."

मी मोबाइल भिंतीवर फेकणार होते. समोर रूमचे पाहुणे बसले होते म्हणून फेकला नाही. पाहुण्यांना सकाळी पोदेराचा पाव मिळाला नाही तर तेही वाचकाने ठरवायचं, असं मी सांगू का? चार खोल्यांचं गेस्टहाउस चालवते मी, एक पाहुणा रात्री परत आला नाही तरी दारातला दिवा विझवत नाही. आणि तू एक अख्खी जमात नदीपलीकडे पाठवून दार लावून घेतलंस.

मी वाचक आहे ना? मग वाचक म्हणून सांगते, तू काय केलंस ते. दुसऱ्या भागात शत्रू चाल करून येतो. राजा अरिंजय हुंवऱ्यांना म्हणतो, तुम्ही नदीकाठची साधी माणसं, लढाईत मराल. पलतडीच्या रानात जाऊन राहा. कोटाच्या सातव्या बुरुजावर दिवा लागला की परत या, तोवर येऊ नका. ते हातावर पाणी घेऊन शपथ घेतात आणि होड्यांतून निघतात. म्हातारी नेवाळ कोंबडी बगलेत धरून बसते. पोट पुढे आलेली गुरवार तांबू होडीच्या मधोमध, कारण तिथे कमी हलतं. मी ते पान बाबांना वाचून दाखवताना रडले होते. हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं, आता सांगून टाकते. तसं पान आजकाल कोणी लिहीत नाही.

आणि तिसरा भाग, प्रकाशनाआधीच तू घरी पाठवलेला! राजा जिंकतो. राज्याभिषेक, लग्न, दुसरं लग्न, त्या निळ्या तलवारीचं अख्खं एक प्रकरण. हुंवऱ्यांवर एक ओळ नाही. सहा बुरुजांवर दिवे लागल्याचं वर्णन तू अगदी रंगवून केलंस. सातवा? सातवा युद्धात कोसळला, असं कुठेतरी कोपऱ्यात म्हणून ठेवलंस. ते वाक्य मी वाचलं आणि बाबांनी मला थांबवलं. "बुरूज पडलो? मगे दिवो खंय लायतलो? तेंका कळतलां कशां?"

मी पुढची सगळी पानं उलटून पाहिली. तेव्हाच मला कळलं. तू काही अनुत्तरित वगैरे ठेवलेलं नाहीस. तू त्यांना विसरलास. स्टेशनवर पिशवी विसरतात तसा विसरलास. म्हापशाच्या हॉलमध्ये प्रकाशनाच्या दिवशी बाबा उठून उभे राहिले आणि विचारलं, "पलतडच्यांचां काय जालां रे?", तेव्हा तुझा चेहरा मी पहिल्या रांगेतून बघत होते. तुला तेव्हा आठवलं. त्याच क्षणी आठवलं. आणि मग तू माइक हातात घेऊन म्हणालास, काही प्रश्न अनुत्तरित राहण्यातच साहित्याचं सौंदर्य आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून तू घरी आला नाहीस. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात स्विंडनला जायचं तुझं आधीच ठरलं होतं, मान्य. पण निरोप घ्यायला हळर्णाला यायला काय झालं होतं? बाबांनी चारचौघांत तुला खाली पाहायला लावलं, असं तुझं म्हणणं, हे मला दुसऱ्याकडून कळलं. खाली पाहायला लावलं नाही रे. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं!

इथे सगळे शहाणे मला समजावतात, "अगो, तो झिलाची वाट बघता. हुंवरे म्हणजे प्रज्योत." मलाही क्षणभर तसं वाटलं. म्हणून मागच्या रविवारी सरळ विचारलं. तर म्हणाले, "प्रज्योताक काय धाड जाल्या? तेच्याकडे फोन आसा, कोट आसा, हिटर आसा. तेंच्याकडे काय आसा? एक कोंबडी."

तेव्हा तू स्वतःला फार महत्त्व देऊ नकोस.

गौरवी


हळर्ण, २ एप्रिल २०२४

प्रज्योत,

शिगम्याला घरी आले होते, इथूनच लिहितेय. आई म्हणते, त्याला काही कळवू नको, लांब आहे, जिवाला घोर लागेल. मला वाटतं, लागू दे.

शिगम्याच्या गाऱ्हाण्याआधी विठ्ठलकाकांनी विषय काढला. तुला विठ्ठलकाका म्हणजे लहानपणी आंबे चोरले म्हणून मागे धावलेले तेवढेच आठवत असतील. आता ते देवळाच्या मानकरी गावकरांत बाबांच्या खालोखाल आहेत. बाबांचेच चुलतभाऊ, पण देवळात भाऊ-बिऊ बघत नाहीत. मला राग येऊनही सांगते, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

ते बाबांना म्हणाले, "शंभू, तुवें देवाच्या कानार माणसां घातलंस. देव आता तेंका सोधूक जातलो. रानां फिरतलो, तडी फिरतलो. आनी ती माणसां मुळात नायच, तर देव हात हलयत परत येतलो. देवाक असो फशिवप बरां काय?"

कोणी हसलं नाही. हळर्णात देवाला फुकट पायपीट करायला लावणं हा विनोद नव्हे.

आणि रीत तुला ठाऊक आहे. गाऱ्हाण्यात घातलेलं मागणं गावाच्या "व्हय"ने देवाकडे जातं. मग ते पुरं झाल्याशिवाय, नाहीतर देवाची परवानगी घेतल्याशिवाय काढता येत नाही. म्हणून कौल लावला. देवाला पाकळ्या चिकटवल्या आणि विचारलं, हे मागणं मागे घेऊ का? घ्यायचं असेल तर उजवी दे. सगळा गाव श्वास धरून बसला. मी आयुष्यात पहिल्यांदा देवाशी भांडत होते, मनातल्या मनात. दे बाबा उजवी आणि सोडव आम्हाला.

डावी पडली.

म्हणजे मागणं राहिलं. विठ्ठलकाकांनाच घाम फुटला. त्यांना वाटलं होतं, प्रकरण मिटेल. मग गावकर बसले आणि ठरलं ते असं. पुढच्या जत्रेपर्यंत शंभूने त्या माणसांची खबर आणायची. जगली असतील तर जगली म्हणून, नसतील तर नाहीत म्हणून. खबर आली तर मागणं फेडून टाकायचं. नाही आली, तर गाऱ्हाणं घालायला दुसरा उभा राहील. जे तडीस नेता येत नाही ते देवाच्या कानी घालणाऱ्याला त्या जागी उभं राहता येणार नाही.

आणि बाबा काय म्हणाले? "बरोबर आसा."

मी तिथेच ओरडले. बायकांनी त्या बैठकीत बोलायचं नसतं, तरी ओरडले. बाबांनी मला हाताने बसवलं.

आता तुला एक सांगते, जे पहिल्या पत्रात सांगितलं नाही. बाबांची तब्येत बरी आहे असं लिहिलं होतं. बरी आहे, पण डोळे गेलेत. साखरेने. डावा आधी गेला, उजव्याला उजेड तेवढा कळतो. जनेलाजवळ कदेल ओढून बसतात आणि खिडकीबाहेरच्या पाऊलवाटेवरून कोण गेलं ते पावलांवरून ओळखतात. त्यांनी सांगू नको म्हटलं होतं. शेती गेली, वाचणं गेलं, पत्ते खेळणं गेलं. गाऱ्हाण्याला मात्र डोळे लागत नाहीत, ते सगळं तोंडी. जत्रेच्या दिवशी ते देवासमोर उभे राहतात तेव्हा आंधळे नसतात, एवढंच तुला सांगता येईल.

तेवढी एकच जागा त्यांच्याकडे राहिली आहे आणि ती तुझ्या विसराळूपणापायी चालली आहे.

मी त्यांना म्हटलं, बाबा, ती खोटी माणसं आहेत. त्यांच्यासाठी कशाला हे? तर म्हणाले, "गाराण्यात दोन जागे आसत, गौरवी. जिते आनी मेल्ले. जो मनीस हंय नाय आनी थंयय नाय, तेका मी खंय ठेवूं?"

तेव्हा हात जोडते. एक पान लिही. सुंदर नको, सौंदर्य तुझ्याकडेच ठेव. ते परत आले, किंवा तिकडेच वसले, किंवा पुरात गेले. काहीही. छापू नकोस, मला पाठव, मी वाचून दाखवीन. तू पाठवलंस त्यांना, तुझाच शब्द चालेल.

गौरवी


मांद्रे, ११ सप्टेंबर २०२४

प्रज्योत,

चवथ झाली. तू आला नाहीस. सगळ्यांची मुलं आली, दुबईची आली, बोटीवरची आली. आईने तुझ्या वाटणीच्या नेवऱ्या डब्यात भरून ठेवल्या होत्या, त्या शेवटी आमच्या रूममधल्या कोल्हापूरच्या पाहुण्यांनी खाल्ल्या. खूप आवडल्या त्यांना.

पावसाळाभर मी तुझ्या पानाची वाट पाहिली. बाबांनी तर एकदाही विचारलं नाही की आलं का. पण पाणी चढलं की विचारायचे, "पलतडचां रान सखल आसा. तेंका उंचार चडूक सांगिल्लां काय तेणी? पुस्तकात बघ." मी बघायची. सांगितलेलं नव्हतं. मग ते नदीच्या बाजूला कान करून बसायचे. आई वैतागून म्हणायची, "तुमच्या हुंवऱ्यांचो घोर माका नाका, जेवां येवा." जेवायला यायचे, पण अर्ध्यावरून उठायचे.

शेवटी जुलैमध्ये मीच लिहिलं. दोन रात्री बसून लिहिलं, पाहुण्यांची बिलं बाजूला सारून. कोटावर एक म्हातारा पहारेकरी असतो, तो पडक्या सातव्या बुरुजाच्या दगडांवरच मशाल पेटवतो, नेवाळ ती पाहते आणि सगळ्यांना हाक मारते. वाईट नव्हतं.  बाबांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "नेवाळ इतकी बोलता कधीपासून? ही नेवाळ न्हय. ही गौरवी." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझी गोष्ट चांगली आहे, पण तू त्यांना पाठवलं नव्हतंस.

मला इतका राग आला की मी ती पानं फाडली. मग वाईट वाटलं. आता उरली आहेत ती डोक्यात.

आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशी तुझा मेसेज. "बाबांना सांग, सगळे मेले. पुरात. संपव आता हे."

"संपव आता हे"? मी सुरू केलं होतं का? नेवाळ, तांबू, होडीतली सगळी पोरं, ती कोंबडी, सगळं एका मेसेजमध्ये, बहुधा कामाच्या सुट्टीत, चहा पिता पिता. निळ्या तलवारीला तू एक अख्खं प्रकरण दिलंस, प्रज्योत.

तरी मी सांगितलं. का? कारण जत्रा जवळ येतेय. कारण मला बाबांची जागा हवी होती. मेले म्हटलं की त्यांना मेलेल्यांत घालता येईल, मागणं फिटेल, विठ्ठलकाका गप्प बसतील. मी बाबांसमोर बसले आणि म्हटलं, बाबा, प्रज्योतचं उत्तर आलं. ते गेले. पूर आला होता.

बाबांनी कान माझ्याकडे केला. मग विचारलं, "कोणी सांगलां?"

"म्हणजे?"

"इतकी माणसां मेली तर सांगपाक एक तरी उरता. कोण उरलो? तेणी काय सांगलां? तांबू खंयच्या होडयेत आसली? भुरगां जालां आसलां काय पोटात आसलां?"

 मी म्हटलं, एवढंच लिहिलंय.

"मगे ती मरूक नाय," बाबा म्हणाले. "तेणी हात झटकल्यान. मराण असां नसता. आमी कितक्यांक पोचयलां, माका सांग नाका."

मी म्हटलं, बाबा, तुम्ही एवढंच देवळात सांगितलंत तरी तुमची जागा राहील. कोणी तपासायला येणार नाही. ते माझ्याकडे वळले. दिसत नाही, तरी वळतात. म्हणाले, "जित्या माणसांक मेल्ल्यांत घालून माका जागो नाका."

आता काय करायचं ते तू सांग. तू हुशार आहेस.

गौरवी


हळर्ण, ३० डिसेंबर २०२४

प्रज्योत,

हे शेवटचं पत्र. यानंतर मी तुला पान माग, ओळ माग, असलं काही करणार नाही. का, ते वाच.

जत्रा झाली. खबर आली नव्हती, म्हणून बाबांनी आदल्या दिवशी स्वतःच विठ्ठलकाकांना घरी बोलावलं आणि सांगितलं, उद्या तू उभा राहा. मी चहा आणायला आत गेले होते, ती आतच थांबले. कपबशी आपटायचा आवाज दोघांना ऐकू जावा अशी माझी इच्छा होती. बाबांनी त्यांना सगळं गाऱ्हाणं क्रमाने एकदा म्हणून दाखवलं. फक्त हुंवऱ्यांचं म्हटलं नाही. म्हणाले, "तां तुजेर घालूक मी सांगणां नाय. तां माजां आसलां." विठ्ठलकाका तसेच उठले. चहाही घेतला नाही.

जत्रेला बाबा नवं धोतर नेसले. मी त्यांना खांबाजवळ बसवलं, बायकांच्या बाजूला, कारण तिथून ऐकू चांगलं येतं. आजवर ते ज्या जागी उभे राहिले तिथे विठ्ठलकाका उभे होते. मी तिकडे बघत नव्हते. माझ्या मनात तेव्हा तुझ्याविषयी जे आलं ते लिहिण्यासारखं नाही, देवळात तर मुळीच येऊ नये असं ते होतं.

विठ्ठलकाकांनी सुरू केलं. आवाज चांगला आहे त्यांचा, हे कबूल करावं लागेल. गावातल्यांचं झालं. "व्हय म्हाराजा!" परमुलखातल्यांचं झालं. "व्हय म्हाराजा!" आता वारलेल्यांचं यायचं, आणि काका थांबले.

मला वाटलं, विसरले. पहिलीच वेळ, माणूस विसरतो. ढोलवाला हात वर धरून थांबला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "मेल्ल्यांचां म्हणा."  मग काकांनी मान वळवली आणि सगळ्या गावादेखत विचारलं, "शंभू, त्या गुरवार बायलेचां नाव काय रे?"

बाबा खांबाला धरून उठले. "तांबू," ते म्हणाले.

आणि विठ्ठलकाका देवाकडे वळून बोलायला लागले. "आनी म्हाराजा, जी हुंवरी माणसां राजाच्या सबदार पलतडी गेली, तेंची खबर आमकां अजून मेळूक नाय. तू सोधता आसतलंस तां आमकां ठावक आसा. कटाळूं नाका. ती तांबू बाळंत जाली आसतली. भुरगां आता चलपाक लागलां आसतलां, नदीकडे धावत आसतलां. तेकाय संबाळ. म्हातारेक थंड लागूं दिव नाका. आनी राजा विसरलो तरी आमी विसरूंक नाय, इतकां तेंच्या कानार घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

प्रज्योत, असा "व्हय" मी आजवर ऐकला नव्हता. या खेपेला सवयीने कोणी म्हणालं नाही. ज्यांनी तुझं पुस्तक हातात धरलेलं नाही तेही म्हणाले. आई माझ्या शेजारी पदर तोंडाला लावून म्हणाली, जिने वर्षभर हुंवऱ्यांना शिव्या घातल्या. बाबा उभेच होते, खांब धरून, आणि सगळ्यांत शेवटी त्यांचा एकट्याचा आला, गाव गप्प झाल्यावर. आजवर ते विचारायचे आणि गाव "व्हय" म्हणायचा. पहिल्यांदाच त्यांना "व्हय" म्हणायला मिळालं.

नंतर मी विठ्ठलकाकांना गाठलं. म्हटलं, तुम्हीच तर विरोध केला होता. तर माझ्यावरच खेकसले, "देवान काडूंक दिवक नाय, मगे काय करतलंय? आनी अर्धवट घातलेलां माका जमणां नाय." संजना सांगत होती, पावसाळ्यापासून तुझे तिन्ही भाग वाचनालयात त्यांच्या नावावर आहेत आणि ते परत करायचं नाव घेत नाहीत.

तर कळवायचं ते हे. बाबांची जागा गेली. ती तुझ्यामुळे गेली आणि मी ते विसरणार नाही. बाबा मात्र घरी येऊन पोटभर जेवले, अर्ध्यावर उठले नाहीत.

आणि हुंवरे आता तुझे नाहीत. तू उद्या चौथा भाग लिहिलास, त्यांना मारलंस, परत आणलंस, काहीही केलंस तरी इथे कोणी विचारणार नाही. तांबूचं मूल आमच्याकडे चालायला लागलंय. पुढच्या जत्रेला ते बोलेल. बायकांत आत्ताच वाद सुरू झालाय, मुलगा की मुलगी. आई म्हणते, मुलगी. तुला एक पान लिहायला जड झालं होतं ना? घे, सुटलास.

एक राहिलं. जत्रेच्या सकाळी देवळात जाताना बाबांनी पिशवीत एकच नारळ घातला होता. मी विचारलं, हा कोणाचा? म्हणाले, पलतडच्यांचा, नेवाळच्या नावाने. मी म्हटलं, आणि प्रज्योतचा? दरवर्षी तुम्ही त्याचा ठेवता.

बाबा पायरी चाचपत उतरत होते. थांबले. म्हणाले, "तेका वाट ठावक आसा. तेका कळय, तुजो नारळ तू घेवन यो."

तेव्हा कळवलं. तिकडून आणू नकोस, इथे उतरल्यावर पेडण्याच्या बाजारात घे. सोललेला नको, शेंडी असलेला बघून घे. बाबा चाचपून बघतील.

गौरवी